नांदूर मध्यमेश्वर: बंधाऱ्यातला गाळ काढावा की राहू द्यावा?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. आमचं गाव नाशिक जिल्ह्यात सायखेड्याच्या बाजूला, नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्याच्या फुगवट्यात येतं. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये चांदोरी-सायखेड्यात पाणी कुठवर चढलं होतं ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेलच. तेव्हापासून आमच्याकडे पुराचा विषय निघाला की मागणी एकच, बंधाऱ्यातला गाळ काढा. येत्या ग्रामसभेत तसा ठरावही येणार आहे.

माझी अडचण अशी की मी पक्षी बघणारीही आहे. हिवाळ्यात चापडगावच्या मनोऱ्यावर माझी सकाळ जाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ हा बंधारा घातला तो कालव्यांसाठी. पक्ष्यांचा विचार तेव्हा कोणी केलेला नव्हता. मग वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, उथळ पाणी झालं, बेटं तयार झाली, पाणकणीस माजलं आणि पक्षी आले. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, जानेवारी २०२० मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत नाव जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. हे सगळं त्या गाळावर उभं आहे.

तर माझे दोन प्रश्न. गाळ काढल्याने आमचा पूर खरोखर कमी होईल का? आणि काढला तर पक्ष्यांचं काय होईल? ग्रामसभेत मला बोलायचं आहे. तिथे 'पक्षी किती सुंदर' म्हणून भागणार नाही, ज्यांच्या घरात पाणी शिरलंय ती माणसं समोर बसलेली असतील.

टिटवी_रात्रीची
काढू नये. गाळ गेला की ते नुसतं एक धरण उरेल. धरणं आपल्याकडे पुष्कळ आहेत.

बागायतदार_निफाड
टिटवीताई, तुम्ही राहता कुठे? आमच्या द्राक्षबागेत पुराचं पाणी उभं राहिलं होतं. पाणी ओसरल्यावर तारा, बांबू, ठिबकच्या नळ्या, सगळ्यावर चिखलाचा थर. बाग उभी करायला किती वर्षं आणि किती कर्ज लागतं ते ज्याचं त्याला ठाऊक.

पक्ष्यांचा मला राग नाही. लहानपणापासून बघतोय. पण चक्रवाकांचा थवा हरभऱ्यात उतरला की शेंडे खुडून टाकतो, कैम (जांभळ्या पाणकोंबड्या) गव्हात शिरतात, ते आम्ही सोसतो. अभयारण्य शंभर चौरस किलोमीटरचं, त्यात आमच्या मालकीच्या जमिनी आल्या. पक्षी बघणारे रविवारी येतात आणि संध्याकाळी परत जातात. पुराच्या रात्री कोणी नसतं.

टिटवी_रात्रीची
मी नाशिकला राहते दादा, आणि तुमचं म्हणणं मला मान्य आहे. माझा एकच मुद्दा, नुकसान खरं असलं तरी उपाय खरा आहे की नाही ते आधी तपासू या.

विसर्ग
पाटबंधाऱ्यात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. ताईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत देतो. हिशेब सोपा आहे, ग्रामसभेत फळ्यावर मांडता येईल.

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एक लाख क्युसेकचा पूर असला तर तासाला ३६ कोटी घनफूट पाणी जातं, म्हणजे ३६० दलघफू (दशलक्ष घनफूट). रोजच्या धरणसाठ्याच्या तक्त्यात नांदूर मध्यमेश्वरची क्षमता २५७ दलघफू लिहितात. बंधारा अगदी कोरडा असला, तरी तसा पूर तो पाऊण तासात भरून टाकेल. समजा सगळा गाळ काढला आणि क्षमता चौपट केली. तरी तीन तासांच्या आत भरला. आणि पूर येतो ऑगस्टमध्ये, तेव्हा तो आधीच भरलेला असतो. गंगापूर धरण ५६३० दलघफूचं, दारणा ७१४९ चं. पूर पोटात घ्यायचं काम त्यांचं आहे. नांदूर मध्यमेश्वर पाणी वळवायला बांधलेला बंधारा आहे, पूर अडवणं त्याच्या आवाक्यातलं कधीच नव्हतं.

मग सायखेड्यात पाणी का चढतं? दारणा, गंगापूर आणि कादवेवरचं पालखेड यांचं पाणी एका वेळी आलं, की त्याला पुढे सरकायला वाट किती मिळते यावर पातळी ठरते. पात्राचा छेद, पुलाखालची मोकळी जागा, बंधाऱ्याचे दरवाजे किती वेळेत किती उघडले, काठावर किती भराव झाले. गाळाचा प्रश्न आहे, पण तो साठवणीचा नाही, वाटेचा आहे. मुख्य धारेत जिथे गाळाचे आणि बाभळीचे बोळे बसलेत, तिथून तो काढला तर उपयोग होईल. बाजूच्या पसरट दलदलीतून काढून सायखेड्याला काही मिळणार नाही.

बागायतदार_निफाड
काका, हिशेब पटला. पण मग इतकी वर्षं कोणी हे असं का सांगितलं नाही? प्रत्येक निवडणुकीत गाळ काढायचं आश्वासन मिळतं.

विसर्ग
गाळ दिसतो म्हणून. वरच्या धरणांतून पाणी सोडायचं वेळापत्रक डोळ्यांना दिसत नाही.

खादाड_बंटी
चर्चा गंभीर चाललीय, तरी विचारतो. थंडीत नाशिकहून भल्या पहाटे निघालं तर वाटेत मिसळ कुठे उघडी मिळेल? पोटात काही नसलं की मला चक्रवाक आणि गावठी बदक सारखंच दिसतं.

गोदाकाठची
:) बंटी, पहाटे काही उघडं नसतं. आधी पक्षी बघा, परतताना निफाडला खा. स्वेटर, कानटोपी, दोन्ही घ्या. निफाडची थंडी दर वर्षी पेपरात येते ती उगाच नाही. आणि दुर्बीण नसेल तर वाटाड्याच्या दुर्बिणीतून बघा. चापडगावची मुलं पक्षी नावानिशी ओळखतात आणि त्यांच्या घरात त्यातून चार पैसे जातात.

पाणलावा
दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. पक्षीगणनेला जातो, त्यामुळे थोडं माहीत आहे.

पाणथळीत पक्षी कुठे बसेल ते पाण्याची खोली ठरवते. तुतवार आणि पाणलाव्यांना ओला चिखल किंवा घोट्याच्या खालचं पाणी लागतं, चोच चिखलात खुपसून किडे काढायचे असतात. शेकाट्याचे पाय लांब, तो जरा आत जातो. चमचे आणि चित्रबलाक गुडघाभर पाण्यात. चक्रांग, थापट्या, तलवार बदक ही मंडळी सहसा बुडी मारत नाहीत, शेपूट वर करून मान पाण्यात घालतात. मान पोचेल तेवढंच त्यांचं ताट, म्हणजे फार तर हातभर पाणी. लालसरीसारखी बुडी मारणारी बदकं खोल पाण्यातही खातात.

आता सरसकट गाळ काढून सगळीकडे दोन-तीन पुरुष पाणी केलं तर काय होईल? बुडी मारणारे काही राहतील, पाणकावळे राहतील, मासे असले तर कैकर येईल. बाकीच्यांचं जेवण बंद. पक्षी मरणार नाहीत, पण मध्य आशियातून, मंगोलियातून इतकं उडून आल्यावर त्यांना दुसरं उथळ पाणी शोधावं लागेल. आणि पर्जन्यछायेच्या आपल्या पट्ट्यात ते फार ठिकाणी नाही. जायकवाडीचा उथळ काठ आहे, तोही पाणी किती सोडलं यावर कमी-जास्त होतो.

पण दुसरी बाजूही आहे, टिटवी, तुला आवडणार नाही ती. काहीच केलं नाही तरी हे असं राहणार नाही. गाळ साचतच राहील. उथळ पाण्याचा चिखल होईल, चिखलावर पाणकणीस, त्यावर बेशरम आणि बाभूळ, आणि एक दिवस जमीन. पाणकणसात कैम आणि जांभळे बगळे खूश असतात, पण बदकांना उघडं पाणी हवं. जसं आहे तसं ठेवायचं तरी माणसाला हात लावावाच लागेल.

टिटवी_रात्रीची
हे मात्र मला पटतं. मनोऱ्यासमोर पूर्वी उघडं पाणी होतं तिथे आता पाणकणसाची भिंत झालीय.

घना_पक्षी
पाणलावा म्हणतात त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण भरतपूर. नांदूर मध्यमेश्वरला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात, तर भरतपूरला काय झालं तेही बघायला हवं.

केवलादेव, म्हणजे भरतपूरचं पक्षी उद्यान, तीसुद्धा माणसानेच केलेली पाणथळ. अठराव्या शतकात भरतपूरचा राजा सूरजमल याच्या काळी अजान बांध झाला, पुढे संस्थानिकांनी शिकारीसाठी पाणी खेळवलं. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत एका दिवसात ४२७३ पक्षी मारले, तो आकडा तिथे दगडावर कोरलेला आहे. पुढे राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९८२ मध्ये म्हशींची चराई बंद केली. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसं गेली. आणि ज्या पक्ष्यांसाठी हे केलं त्यांचं काय झालं? म्हशी जे गवत खात होत्या ते पॅस्पॅलम पाण्यावर पसरत गेलं, उघडं पाणी बुजलं आणि बदकांची जागा घटली. मुंबईच्या बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) तिथे अनेक वर्षं अभ्यास केला, त्यातून हे पुढे आलं की म्हशी त्या पाणथळीचा भाग होत्या.

नंतर वरच्या बाजूच्या पाचना धरणाच्या पाण्यावरून वाद झाला आणि केवलादेव काही वर्षं कोरडं पडायला आलं. दोन्ही वेळा गावकऱ्यांना बाजूला ठेवून निर्णय झाले होते, किंवा गावकऱ्यांना पाणी आणि पक्षी यातून एक निवडायला लावलं होतं. बागायतदार दादांचं म्हणणं म्हणूनच मला महत्त्वाचं वाटतं. त्यांना सोडून इथे काही टिकणार नाही.

बागायतदार_निफाड
धन्यवाद. आमच्याकडेही म्हशी काठाला चरायच्या, आता तशी गुरं राहिली नाहीत. सगळीकडे ऊस आणि द्राक्ष. उसात बिबटे मात्र आहेत.

खादाड_बंटी
मनोऱ्यावर चढताना बिबट्याचं पण बघायला हवं का?

बागायतदार_निफाड
अंधारात उसाच्या बांधाने एकट्याने जाऊ नका, मोबाईलवर गाणी लावून चला, बास. तो तुमच्या वाटेला जाणार नाही.

चौकट_बाहेर
माझा अनुभव वेगळा आहे. त्रास गाळापेक्षा फोटोवाल्यांचा जास्त आहे. गेल्या थंडीत क्रौंचांचा थवा शेतात चरत होता. दोघं जण मोठ्या लेन्स घेऊन त्यांच्यावर चालून गेले, उडतानाचा फोटो हवा म्हणून. थवा उठला तो परत त्या शेतात बसलाच नाही. ज्याचं शेत होतं तो बिचारा बांधावर उभा राहून बघत होता, त्याने त्या पक्ष्यांना हाकललं नव्हतं.

पाणलावा
अगदी. हिवाळ्यात पक्षी अंगात चरबी साठवतात, त्यावर मार्चमध्ये परतीचा प्रवास. पुन्हा पुन्हा उठवलं तर ती चरबी तिथेच खर्च होते. पट्टकादंब हिमालय ओलांडून जातो, त्याला आपण एका फोटोसाठी दमवायचं?

सराव_फोटोग्राफर
सगळे फोटोवाले तसे नसतात हो. आमच्यातले कितीतरी लपणात तासन्‌तास बसतात. पक्षीगणनेतही फोटो कामी येतात. पण क्रौंचांची गोष्ट वाचून वाईट वाटलं. वाटाड्या बरोबर असल्याशिवाय शेतात उतरू देऊ नये, असा नियम गावानेच करावा.

संगमावरची
आमचं घर मासेमारीवर चालतं. सगळे गाळ गाळ म्हणताय, जलपर्णीचं कोणी बोलत नाही. नाशिकचं सांडपाणी गोदावरीत येतं, त्यावर ती पोसते. जाळं टाकायला जागा राहत नाही, होडी शिरत नाही, खालचं पाणी काळं पडतं आणि मासा मरतो. पूर आला की तिचे तराफे वाहत येऊन पुलाला अडकतात. विसर्ग काका, पुलाखालची मोकळी जागा म्हणालात ना, ती अशी बुजते.

दर वर्षी कोणीतरी मशीन आणून थोडी काढतं, काठावर टाकतं, पावसात ती परत पाण्यात. मेहनत आणि पैसा दोन्ही वाया.

विसर्ग
ताई, अगदी नेमकं सांगितलंत. पुलाला अडकलेली जलपर्णी म्हणजे तात्पुरतं धरणच. पावसाळ्याआधी ती काढून पूररेषेच्या वर नेऊन टाकली तर चांदोरी-सायखेड्याला सगळ्यात लवकर आणि कमी खर्चात फरक दिसेल. गाळाआधी हे.

टिटवी_रात्रीची
जलपर्णी काढाच, मात्र कमळपक्षी आणि टिबुकली तिच्यावर, तिच्या आडोशाला घरटी करतात. पावसाळ्यात सुरू केलं तर अंडी जातील. मूळ उपाय सांडपाणी थांबवणं, तो नाशिककरांनी करायचा आहे, म्हणजे मीसुद्धा.

डच_पाटील
नेदरलँड्समध्ये राहतो, गाव मूळचं सिन्नर. इथे १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर विचार बदलला. बांध उंच करत बसण्यापेक्षा नदीला जागा द्यायची. नायमेखन शहराजवळ वाल नदी अरुंद होते, तिथे बांध साधारण साडेतीनशे मीटर मागे नेला आणि शेजारून एक नवा प्रवाह खोदला. मध्ये बेट तयार झालं. पूर आला की पाणी दोन वाटांनी जातं, एरवी तिथे लोक फिरतात. पण पन्नासएक घरं उठवावी लागली आणि ती माणसं सुरुवातीला फार चिडली होती, हेही सांगतो. विसर्ग काकांचा 'वाट' हा मुद्दा तोच आहे.

बागायतदार_निफाड
घरं उठवायची भाषा आमच्याकडे कोणी करू नये.

डच_पाटील
नाही दादा, तसं मुळीच म्हणायचं नव्हतं. जागा द्यायची म्हणजे पात्रातली अडचण काढायची, एवढंच तिकडे लागू होईल.

उडिया_जावई
गाळ काढून पाणथळ सुधारल्याचंही एक उदाहरण देतो, म्हणजे चर्चा एकाच बाजूची होणार नाही. ओडिशातल्या चिल्का सरोवराचं समुद्राकडचं मुख गाळाने बुजत चाललं होतं. पाण्याचा खारेपणा उतरला, मासे घटले, गवत माजलं. १९९३ मध्ये रामसरच्या धोक्यातल्या पाणथळींच्या यादीत चिल्काचं नाव गेलं. सप्टेंबर २००० मध्ये नवं मुख खोदलं, मासे वाढले, कोळ्यांना दिवस बरे आले आणि २००२ मध्ये नाव त्या यादीतून काढलं. पण तिथे आधी अभ्यास करून कुठे खोदायचं ते ठरवलं होतं. जेसीबी मिळाला म्हणून दिसेल तिथे खोदलं नाही.

कलम_कागद
कायद्याचं थोडक्यात. अभयारण्यातला अधिवास बिघडेल किंवा पाण्याचा प्रवाह वळेल असं काम वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २९ मध्ये येतं, मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय करता येत नाही. ग्रामसभेचा ठराव झाला म्हणजे उद्या पोकलेन आला असं होणार नाही. रामसरमुळे सगळं बंद होतं हाही गैरसमज आहे. त्या कराराचा भरच पाणथळीचा शहाणपणाने वापर करण्यावर आहे, शेती-मासेमारी त्यात बसते. रामसरचं क्षेत्र १४३७ हेक्टर आहे, अभयारण्याच्या मानाने फार कमी. म्हणून ठरावात नुसतं 'गाळ काढावा' लिहू नका. कुठला, किती, कधी, आणि काढलेला कुठे जाणार, हे लिहा. नाहीतर तो कागद कार्यालयात पडून राहील.

बागायतदार_निफाड
काढलेला कुठे जाणार हे मी सांगतो, आमच्या शेतात. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहेच की. बरड रानात गाळ टाकला की पीक बोलतं.

पाणलावा
'कधी' हे अवघड आहे. मे महिना सगळ्यांना रिकामा वाटतो कारण बदकं गेलेली असतात. पण मार्च ते मे मध्ये पाणी उतरतं तेव्हा उघड्या पडलेल्या वाळूच्या बेटांवर नदी सुरय जमिनीवरच अंडी घालतो. शेकाट्या आणि टिटवी पण त्याच सुमारास. डंपरचा रस्ता त्या बेटावरून गेला तर संपलं. पावसाळ्यात हळदीकुंकू बदक, कैम, कमळपक्षी. वर्षातला एकही महिना पूर्ण मोकळा नाही.

विसर्ग
मग महिना न ठरवता जागा ठरवा. मुख्य धारेतला गाळ काठावरून आत येणाऱ्या एकाच रस्त्याने काढायचा, बेटांना हात लावायचा नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला कोणीतरी घरटी कुठे आहेत ते बघून खुंट्या ठोकून द्यायच्या. कालव्याच्या आवर्तनाच्या (पाणी सोडायच्या पाळीच्या) तारखा आधी कळलेल्या असतात, पाणी कधी उतरणार ते माहीत असतं.

टिटवी_रात्रीची
खुंट्या ठोकायला मी येते. अजून काही जणांना आणते.

गोदाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरावाचा मसुदा असा करतेय, तपासून सांगा.

पहिली मागणी, पावसाळ्यापूर्वी पुलांजवळची आणि मुख्य धारेतली जलपर्णी काढून पूररेषेच्या वर टाकावी. ती काढायचं काम संगमावरच्या ताईंसारख्या होडीवाल्यांना द्यावं. दुसरी, दारणा-गंगापूर-पालखेडचे विसर्ग एकमेकांशी जुळवून सोडावेत आणि गावाला आधी कळवावं. तिसरी, मुख्य धारेत अडथळा करणारा गाळ आणि बाभळी मोजणी करून काढाव्यात, गाळ शेतकऱ्यांना द्यावा, चापडगावसमोरची उथळ जागा आणि बेटं सोडावीत. मनोऱ्यासमोरचं पाणकणीस टप्प्याटप्प्याने कापावं, सगळं एकदम नाही. नाशिकच्या सांडपाण्याबद्दल वेगळा ठराव.

बागायतदार_निफाड
दुसरी मागणी पहिली करा ताई. लोक शेवटपर्यंत बसत नाहीत. आणि गाळाच्या मागणीत 'यंदाच्या उन्हाळ्यात' असं लिहा, नाहीतर नुसती मोजणीच चालू राहील. एवढं केलंत तर माझी सही आहे, आमच्या भावकीच्याही सह्या आणतो.

विसर्ग
दादांच्या दोन्ही सूचना घ्या. ३६० दलघफूचा हिशेब स्वच्छ अक्षरात कागदावर लिहून पाठवतो, ठरावाला जोडा. कोणी उलट प्रश्न विचारला तर मला फोनवर घ्या, ग्रामसभा संपेपर्यंत मोकळा आहे.

कलम_कागद
ठरावाच्या तीन प्रती करा. वन्यजीव विभाग, जलसंपदा आणि जिल्हाधिकारी. तिन्हींवर पोच घ्या.